व्याजाइतकं खोटं

१

धाकटीची अक्कल चोरीला गेली ती मंगळवार आणि शुक्रवारच्या मधे कधीतरी. फिर्याद तिनेच दिली, शनिवारी सकाळी, जेवणाच्या टेबलाशी, गणितांचे कागद समोर पसरून.

"आत्या, मंगळवारपर्यंत सगळं येत होतं," ती म्हणाली. "आता काहीच येत नाही. डोकंच गेलंय माझं."

मी तिच्या नवऱ्याची आत्या. नोकरीभर हिशेबतपासनीस होते. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी खालच्या खोलीत राहायला आले, आणि तपासायला परक्यांचे हिशेब मिळेनात म्हणून घरातल्या माणसांचे तपासू लागले. कोण कुणाला काय लागेल असं बोललं आणि कुणी ते व्याजासकट कधी परत केलं, याची नोंद माझ्याकडे चोख असते. या घरात अक्कल जमेच्या बाजूला असलेली माणसं मोजकीच. त्यातली धाकटीची गेली, तर ताळेबंद बसायचा कसा?

परीक्षा सोमवारी होती. धाकटीचं कॉलेज लग्नाआधीच अर्धवट सुटलेलं. आता कॉलेजने सवलत काढली होती, की एखादा विषय घरी बसून शिकलात तर वर्गात यायला नको, एकच परीक्षा द्या, पास झालात की त्या विषयाचे क्रेडिट तुमच्या नावावर. धाकटीने असे सगळे विषय एकेक करून उडवले होते. उरला होता फायनान्स. तो सुटला की पदवी, आणि पदवी मिळाली की ती जिथे बिलं करत बसते त्या पाइप-नळांच्या गोदामात हिशेबनिसाची रिकामी होणारी खुर्ची. मालकाने तसा शब्द दिला होता, पण फार दिवस थांबणार नाही असंही सांगितलं होतं.

"पाचपर्यंत अर्ज दिला तर परीक्षा रद्द करता येते," ती म्हणाली. "निदान नापासाचा शिक्का तरी बसणार नाही."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते, म्हणजे खरे अकराला दहा कमी. माझा भाऊ घड्याळजी. दुकान बंद केलं तरी घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतो. पाहुणे आमच्याकडून नेहमी घाईघाईने उठतात आणि मग स्टेशनवर जांभया देत बसतात.

मी कागद पुढे ओढले. चुकीची उत्तरं भरपूर होती, पण सगळी नव्हती. एकदाच ठेवलेल्या रकमेचं चक्रवाढ व्याज बरोबर. नफा-तोट्याची गुणोत्तरं बरोबर. जिथे दर वर्षी हप्ता होता तेवढीच गणितं चुकलेली, आणि चुकलेलं प्रत्येक उत्तर खऱ्यापेक्षा जास्त. किती जास्त, ते पेन्सिलने काढून पाहिलं आणि माझे कान टवकारले. व्याज आठ टक्के असेल तिथे उत्तर आठ टक्क्यांनी जास्त. बारा असेल तिथे बारा टक्क्यांनी. शिवाय हे चुकीचं उत्तर प्रत्येक प्रश्नाच्या चार पर्यायांत हजरच होतं, म्हणून ती बिनधास्त खूण करत गेली होती.

मी जन्मभर लोकांच्या चुका पाहिल्या आहेत. वेंधळेपणाला इतकी शिस्त नसते.

"डोकं जागेवर आहे तुझं," मी म्हटलं. "खोटं दुसरंच कुणीतरी बोलतंय. तो कॅल्क्युलेटर दे इकडे."

२

मी तिला जगातलं सर्वांत सोपं गणित घातलं. दर वर्षाच्या शेवटी शंभर बाजूला टाकायचे, व्याज दहा टक्के. एकच वर्ष, एकच हप्ता. वर्षाच्या शेवटच्या दिवशी टाकलेले शंभर त्याच दिवशी मोजले तर किती भरतील?

"शंभर," धाकटी म्हणाली. "व्याज लागायला वेळच कुठे मिळाला?"

"आता याला विचार."

तिने बटणं दाबली. कॅल्क्युलेटर म्हणाला, एकशे दहा.

धाकटीने पुन्हा दाबली. पुन्हा एकशे दहा. चार दिवस स्वतःच्या डोक्यावर जे खापर फोडत होती ते हातात घेऊन ती बघत बसली.

कॅल्क्युलेटर फायनान्सच्या विद्यार्थ्यांचा, खास हप्त्यांची गणितं करणारा. एका जुन्या विद्यार्थ्याकडून तिने तो स्वस्तात घेतला होता. स्वस्त, कारण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग पडला होता. आकडे खाली उमटत, त्यामुळे काही अडत नव्हतं. मी तो खिडकीपाशी नेला. पडदा चांगला ठसठशीत दिसत होता, मागच्या आठवड्यात फिकट होता तसा नाही. धाकटीने सांगितलं, की पूर्वी उत्तरात दशांशानंतर चार आकडे यायचे, तसं तिनेच लावलं होतं; आता दोनच येतात. आपल्याच हातून काही दाबलं गेलं असेल म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

मी कॅल्क्युलेटर उलटा केला. बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू तिळाएवढा. त्याच्या खाचेत ताजी चमक होती.

"बॅटरी बदललीस?"

"नाही हो. मला ते झाकण उघडतासुद्धा येत नाही."

तिच्या पुस्तकाच्या शेवटी कॅल्क्युलेटर कसा वापरावा याची काही पानं होती. ती मी सावकाश वाचली. बॅटरी काढली की यंत्र सगळं विसरतं आणि नवं असताना होतं तसं होतं: दशांशानंतर दोन आकडे, आणि हप्ता काळाच्या शेवटी भरला असं समजून हिशेब. हप्ता सुरुवातीला भरला असं समजायला हवं असेल, तर अमुक बटणं दाबून तसं सांगावं लागतं. सांगितलं, की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटतात.

वरचा कोपरा, म्हणजे नेमका डाग.

आता चित्र स्पष्ट झालं आणि त्याचबरोबर जास्तच गढूळ झालं. नुसती बॅटरी बदलली असती तर यंत्राने शंभरच सांगितले असते. कुणीतरी नवी बॅटरी घातली, ही मायेची गोष्ट. आणि नंतर मुद्दाम बटणं दाबून यंत्राला खोटं शिकवलं, ही वैऱ्याची. दोन्ही हात एकाच माणसाचे कसे?

धाकटीला हा प्रश्न पडलाच नाही. तिने अर्धाच हिशेब ऐकला होता.

"म्हणजे घरातल्याच कुणाला तरी मी पास व्हायला नको आहे," ती म्हणाली. मी यंत्र सरळ करून देते म्हटलं, तर तिने मान हलवली. "नको आत्या. मला पदवी हवी होती ती या घरात मिरवायला. ज्याला नकोय त्याच्यासमोर काय मिरवू?"

असं म्हणून तिने रद्द करण्याचा अर्ज काढला आणि सही केली.

३

संशयित तीन. धाकटीचा नवरा, तिची थोरली जाऊ आणि माझा भाऊ, म्हणजे तिचे सासरे. थोरलीचा नवरा बोटीवर असतो, त्याला समुद्रातून बटणं दाबता येत नाहीत.

तिघांनाही एकच प्रश्न विचारायचा असं मी ठरवलं. ज्याने यंत्राला "हप्ता सुरुवातीला" हे शिकवलं, त्याच्या मनात हप्ता सुरुवातीला असणार. माणूस थापा मारू शकतो. पण पैसे देण्याची सवय लपवू शकत नाही. यावर मी लोकांना नोकरीतून घालवलेलं आहे.

पहिला भाचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्याला मी उशिऱ्या म्हणते, कारण तो जन्मलासुद्धा सांगितलेल्या तारखेनंतर. त्याच्याकडे कारण होतं: खुर्ची मिळाली की धाकटी दिवसभर गोदामाच्या मुख्य कचेरीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि याच्या डब्याचे हाल. तो नाश्त्याला दुपारच्या जेवणाच्या वेळी बसला होता. वर्षाला शंभर बाजूला टाकायचं ठरलं तर कधी टाकशील, असं मी विचारलं.

"वर्ष संपताना," तो पावाला लोणी लावत म्हणाला. "तेही तू दोनदा ओरडलीस की."

डब्याचं काय, असं आडून विचारलं तर म्हणाला, त्यात काय, तो स्वयंपाक शिकणार आहे, सुरुवात करायची तेवढी राहिली आहे. त्याच्या हत्यारांच्या पेटीतला सगळ्यांत लहान स्क्रू-ड्रायव्हरही माझ्या करंगळीएवढा जाड निघाला. त्याने ते झाकण उघडलं असतं तर कॅल्क्युलेटरचे दोन झाले असते. एवढ्यात धाकटी आली, अर्ज त्याच्या हातात ठेवला आणि पाचच्या आत कॉलेजच्या खिडकीवर देऊन ये म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, अर्ज खिशात घातला आणि शीळ घालत बाहेर पडला.

आता वेळ माझ्या मागे लागली होती.

थोरली पुढच्या खोलीत कपडे शिवते. तिच्याकडे शिलाई मशीनचा नाजूक स्क्रू-ड्रायव्हर होता आणि जिभेला धारही. "बिलं करणारी आता साहेबीण होणार, मग आमच्याशी बोलायला अर्ज करावा लागेल," हे तिचंच. मी प्रश्न विचारताच तिने मशीन थांबवलं.

"आत्याबाई, माल हातात पडल्याशिवाय मी कुणाला छदाम देत नाही. दोऱ्यावाला महिनाभर हेलपाटे घालतो तेव्हा कुठे."

म्हणजे तीही शेवटाचीच. तरी मी मशीनखालची चिंध्यांची टोपली उगाच पायाने सरकवली. टोपलीमागे कापडात गुंडाळलेलं काही होतं. थोरलीने ते झडप घालून उचललं आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर तिचा चेहरा चोरट्यासारखा झाला. आत कोट होता, राखाडी, अस्तरासह, धाकटीच्या मापाचा.

"खुर्चीवर बसायला काय ते भोक पडलेलं स्वेटर घालून जाणार आहे का?" ती पुटपुटली. "मापं नुसत्या नजरेने घेतलीत. सांगू नका तिला, डोक्यावर बसेल."

मी हा कोट तिच्या जमेच्या बाजूला टाकला आणि जुने बरेच टोमणे माफ केले. सगळे नाही.

उरला एक. आणि तो निघू नये असं मला मनापासून वाटत होतं.

४

माझा भाऊ मागच्या गॅलरीत असतो. तिथे त्याचं जुनं काम करायचं टेबल आहे, शेजारीपाजारी अजून घड्याळं आणून देतात. धाकटीच्या अभ्यासावर त्याचं एकच मत सगळ्यांनी ऐकलेलं: दिवे फार जळतात. ती पुस्तक घेऊन समोर आली की हा वर्तमानपत्र वर करायचा. सून आणि सासऱ्यात भांडण नव्हतं, आणि बोलणंही नव्हतं. भांडण मला परवडतं, त्याची नोंद तरी करता येते.

मी स्टूल ओढून बसले आणि तोच प्रश्न विचारला.

"वर्षाच्या पहिल्या दिवशी," तो मान वर न करता म्हणाला. "वर्षभर शंभर घरात ठेवून काय उबवायचेत?"

मला विचारायची गरजही नव्हती. वर्तमानपत्रवाला पैसे मागायला आला की कळतं, मागच्याच आठवड्यात दिलेत, पुढच्या महिन्याचेसुद्धा. विजेचं बिल यायच्या आधी हा ते भरायला निघतो. सगळी घड्याळं पुढे. आणि त्याच्या टेबलावर, मखमलीच्या तुकड्यावर, ओळीने मांडलेले तिळाएवढ्या स्क्रूंचे स्क्रू-ड्रायव्हर. खणात बटणासारख्या बॅटऱ्या, हव्या त्या मापाच्या.

हिशेब जुळला होता. खरं तर इथे मी त्याला पकडायचं. पण नोकरीत शिकलेली एक गोष्ट अशी, की सगळी चूक चोरी नसते, आणि चूक करणाऱ्यालाच ती सापडू दिली तर वसुली चांगली होते. मी कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे ठेवला.

"दादा, बघ जरा. हे पुढे धावतंय."

पुढे धावतंय म्हटल्यावर घड्याळजी गप्प बसत नाही. मी एकाच हप्त्याचं गणित करून दाखवलं. एकशे दहा. तो हसला.

"बरोबर तर आहे. वर्षभर व्याज नको मिळायला?"

"शेवटच्या दिवशी टाकलेत शंभर, दादा. गणितात तसं लिहिलंय."

"शेवटच्या दिवशी कोण टाकतं?"

शब्द तोंडातून गेले आणि तो थबकला. मग त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि कोपऱ्यातल्या काळ्या डागावर वाकला. उघड्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. त्याला दिसलं असावं, कारण बराच वेळ त्याने मान वर केली नाही.

"मी बिघडवलं," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मंगळवारी त्याने पडदा फिकट झालेला पाहिला. परीक्षेच्या खोलीत बॅटरी संपली तर पोरीचं काय, म्हणून ती कामावर गेलेली असताना त्याने बॅटरी बदलली. दुरुस्त केलेली वस्तू तपासल्याशिवाय तो कुणाला परत देत नाही, म्हणून पुस्तकातलं एक हप्त्याचं गणित करून पाहिलं. यंत्र पैसे शेवटी भरले असं धरून चाललं होतं. त्याला वाटलं, बॅटरी काढल्यामुळे ते चुकीचं लागलं. शहाण्या माणसाने बनवलेलं यंत्र असं कसं समजेल? म्हणून त्याने पुस्तकाची शेवटची पानं वाचली आणि ते नीट केलं.

दोन्ही हात त्याचेच होते, आणि दोन्ही मायेचे.

"पण दादा, तुला चक्रवाढ व्याजाची गणितं कुठून यायला लागली?"

तो स्क्रू-ड्रायव्हर उगाच ओळीत लावू लागला. दुपारी ती कामावर गेली की पुस्तक वाचतो, म्हणाला. पहिल्यापासून. तिच्या एक धडा पुढे असतो.

"कशाला?"

"कधी विचारलंन तर," तो म्हणाला. "यायला नको?"

तिने कधी विचारलं नव्हतं. वर्तमानपत्राला कोण विचारणार?

५

तो स्वतः उठून गेला. मी मागोमाग गेले, पण दाराबाहेरच थांबले. तपासनीसाने वसुलीच्या वेळी लुडबुड करू नये.

धाकटी कागद गोळा करून पिशवीत कोंबत होती. त्याने कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला. घसा साफ केला. त्या घशातून तिच्यासाठी आजवर निघालेलं सगळ्यांत लांब वाक्य निघालं.

"मी याची बॅटरी बदलली आणि हप्ते सुरुवातीला लावले. माझी चूक. चार दिवस तुझं डोकं बरोबर होतं, ते मी चुकवलं."

तिला समजायला वेळ लागला. त्याने मग पेन्सिल घेतली आणि तिच्याच कागदाच्या मागे दोन रेघा ओढल्या, एकीवर हप्ते वर्षाच्या सुरुवातीला, दुसरीवर शेवटी, आणि प्रत्येक हप्त्याला एक वर्षाचं व्याज जास्त कसं मिळतं ते दाखवलं. पुस्तकातली आकृती होती, जशीच्या तशी.

"बाबा," धाकटी म्हणाली, "हा आठवा धडा आहे."

"नववाही झालाय."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. त्याला दोन्हींचं काय करायचं ते कळेना, म्हणून त्याने दिवा लावला. भर उजेडात.

मग तिला अर्ज आठवला आणि हसू एकदम विझलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत आले होते. त्यातून दहा मिनिटं वजा केली तरी कॉलेज लांब, आणि उशिऱ्याचा फोन नेहमीप्रमाणे उशीखाली वाजत होता. थोरली कात्री हातात घेऊन चपला शोधू लागली, जणू अर्ज वाटेतच कापणार होती. धाकटी दारापर्यंत पोचली तोच शीळ ऐकू आली.

उशिऱ्या जिन्यावरून आला तो हातात सँडपेपर आणि कपड्यांवर कोपऱ्यावरच्या दुकानाच्या शटरचं ग्रीस घेऊन. त्या दुकानदाराचं शटर अडकलं होतं, म्हणून तिथे थांबला, मग चहा झाला, मग शटर पुन्हा अडकलं. अर्ज खिशातच होता, घडी मोडून चहाचा डाग पडलेला.

"जाणारच होतो," तो म्हणाला.

धाकटीने सगळ्यांदेखत त्याला मिठी मारली, ग्रीससकट. मुलाच्या उशिराबद्दल आयुष्यात प्रथमच बापाने तक्रार केली नाही. उशिऱ्या खरंच विसरला होता की शटर स्वतःच अडकवून बसला होता, हा एक आकडा मी अजून लावलेला नाही. दुकानदाराला विचारलं तर तोही हसतो.

सोमवारी दादा तिला घेऊन इतक्या लवकर निघाला, की परीक्षाकेंद्राचं दार उघडायला शिपाई आलेला नव्हता. दोघं पायरीवर बसून नवव्या धड्याची उजळणी करत होती, असं थोरलीने सांगितलं. तीही "सहज" गेली होती, कोटाची बाही एकदा बघून घ्यायला. उत्तरं संगणकावर द्यायची होती आणि निकाल तिथल्या तिथे. दुपारी धाकटी परत आली ती कोटाची बटणं उघडी टाकून, आणि दारातूनच तिने मान हलवली, वर-खाली.

एक प्रश्न घरभाड्याचा होता, तिने जेवताना सांगितलं. भाडं महिन्याच्या सुरुवातीला द्यायचं. तिच्या शेजारचा मुलगा फसला. बाहेर आल्यावर कपाळ बडवत होता. "मी मात्र बटणं दाबली आणि मनात म्हटलं, हा बाबांचा प्रश्न."

दादाने वर्तमानपत्र वर केलं. ते उलटं होतं.

मग तिची नजर मनगटाकडे गेली. सकाळी निघताना त्याने तिचं घड्याळ मागून घेतलं होतं आणि क्षणभर मखमलीवर ठेवून परत दिलं होतं.

"बाबा, भिंतीवरच्यापेक्षा हे दहा मिनिटं मागे आहे."

"मागे नाही," तो वर्तमानपत्राआडून म्हणाला. "बरोबर आहे."

तेव्हापासून आमच्या घरात खरी वेळ बघायची असेल, तर धाकटीला विचारावं लागतं.